लाईट गेली की पाईपलाईन का फुटते?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

सोलापूरकरांना एक बातमी पाठ झालीय: वीज गेली, पंप बंद पडले, जलवाहिनी फुटली, आता पाणी एक दिवस उशिरा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात हा एक दिवस फार मोठा असतो. मागे एका श्रोत्याने विचारलं, "पंप बंद पडला तर दाब कमी व्हायला हवा ना? मग पाईप फुटतो कसा?" प्रश्न एकदम रास्त आहे. उत्तरासाठी द्रवाचे दोन गुण समजून घेऊ.

पहिला गुण: चिकटपणा

पुस्तकी भाषेत श्यानता. काकवी ओतून बघा आणि पाणी ओतून बघा, फरक लगेच कळेल. काकवीचे थर एकमेकांना धरून ठेवतात, पाण्याचे थर पटकन सोडतात. पण पाण्यालाही थोडा चिकटपणा असतोच. पाईपच्या भिंतीला टेकलेला पाण्याचा थर जागचा हलत नाही आणि तो शेजारच्या थराला मागे ओढतो. म्हणून पाणी ढकलत न्यायला ऊर्जा लागते.

उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापून शहरात येतं. समजा, सव्वा मीटर व्यासाच्या पाईपमधून ते सेकंदाला एक मीटर वेगाने चाललंय. अशा वेळी दर किलोमीटरला साधारण पाऊण मीटर उंचीइतका दाब घर्षणात जातो. शंभर किलोमीटरला झाले 75 मीटर! वेग दुप्पट केला, तर हे नुकसान जवळपास चौपट होतं. म्हणजे जास्त पाण्यासाठी नुसता मोठा पंप बसवून भागत नाही, मोठा किंवा दुसरा पाईपही लागतो.

दुसरा गुण: दाबल्यावर आकसणं

याला म्हणतात संपीड्यता. सायकलच्या पंपातली हवा अंगठ्याने दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, असं आपण शाळेत शिकलो. खरं तर तेही दाबलं जातं, पण अगदी किंचित. शंभर वातावरणांइतका दाब दिला तर जेमतेम अर्धा टक्का आकसतं. वाहतं पाणी शांत असेल तर हा आकडा विसरलात तरी चालतं. प्रवाह अचानक अडला, की मग तो विसरून चालत नाही.

व्हॉल्व्ह झटकन बंद झाला असं समजा. पुढचं पाणी थांबलं, पण मागच्याला ते ठाऊक नाही! ते येऊन आदळतं, किंचित आकसतं आणि दाबाची लाट उलटी धावते. लोखंडी पाईपमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण एक किलोमीटर असतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून 1898 मध्ये याचं गणित मांडलं. ते असं: सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी एकदम थांबलं, तर दाब सुमारे 100 मीटर उंचीच्या पाण्याइतका वाढतो. इंजिनिअर मंडळी याला 'वॉटर हॅमर' म्हणतात, म्हणजे पाण्याचा हातोडा.

आता मूळ प्रश्न

वीज गेली की पंपाजवळचा दाब खरंच पडतो. श्रोत्याचं तिथपर्यंत बरोबर आहे. पण पुढे गेलेलं पाणी वेगात असतं, ते पुढेच जात राहतं. मागे दाब इतका उतरतो की काही ठिकाणी पाण्याची वाफ होऊन पोकळी तयार होते. मग पाणी उलटं फिरतं, पोकळी मिटते आणि दोन्हीकडचं पाणी एकमेकांवर आदळतं. हातोडा तिथे बसतो. जुना सांधा असला की संपलंच.

म्हणून अशा लाईनवर एअर व्हॉल्व्ह असतात, दाबाखालच्या हवेच्या टाक्या असतात. हवा भरपूर आकसते, त्यामुळे गादीसारखा धक्का झेलते. आणि गंमत बघा, लाट शेवटी शांत होते तीही घर्षणामुळेच. एरवी पंपाचं बिल वाढवणारा चिकटपणा इथे मदतीला येतो.

घरीसुद्धा नळ झटक्यात बंद केल्यावर पाईपमध्ये 'धप्प' आवाज होतो ना? तोच हातोडा, छोटा. म्हणून कॉक सावकाश फिरवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाण्याची वेळ चुकवू नका!