सुटलेली एसटी आणि दोन उत्तरं

कंडक्टरने डबल बेल दिली आणि स्टँडवरून एसटी सुटली. त्याच क्षणी एक प्रवासी दारापासून 16 मीटर मागे आहे आणि सेकंदाला 6 मीटर अशा एकाच वेगाने धावतो आहे. गाडीचा वेग सुरुवातीला शून्य. मग तो दर सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंद इतका वाढत जातो. त्याला गाडी मिळेल का?

असं गणित समोर आलं की नववीतली मुलं आधी सूत्र शोधतात. गतीची तीन समीकरणं पाठ असतात, त्यातलं कुठलं घालायचं एवढाच प्रश्न उरतो. मला वाटतं, चूक तिथेच होते. आधी विचारायला हवं की कोण कसं चाललंय. प्रवाशाची गती एकसमान, म्हणून त्याचं अंतर वेग गुणिले वेळ, 6t. गाडीला त्वरण आहे, म्हणून तिचं अंतर t² भागिले 2. (खरी एसटी गिअर बदलताना अडखळते, तिचं त्वरण इतकं एकसारखं नसतं, पण पहिल्या काही सेकंदांसाठी हे चित्र पुरतं.) दोघांची गाठ पडते तेव्हा प्रवाशाने गाडीपेक्षा बरोबर 16 मीटर जास्त कापलेले असतात:

6t = 16 + t²/2

हे सोडवलं की t च्या दोन किमती मिळतात, 4 आणि 8. बहुतेक मुलं 4 लिहितात आणि 8 वर काट मारतात. ती काट पाहिली की मला हळहळ वाटते, कारण 8 हे उत्तरही खरं आहे. चौथ्या सेकंदाला प्रवासी दाराशी पोहोचतो. तेव्हा गाडीचा वेग 4 आहे, त्याचा 6. त्याने दांडी धरली नाही आणि तसाच धावत राहिला, तर तो दाराच्या पुढे निघून जाईल. गाडीचा वेग मात्र वाढतोच आहे. आठव्या सेकंदाला तेच दार पुन्हा त्याच्या शेजारी येईल आणि पुढे जाईल.

आता सूत्रं बाजूला ठेवून वेग-काल आलेख काढा. प्रवाशाची रेषा 6 वर आडवी, गाडीची शून्यातून तिरकी चढत जाणारी. आलेखात रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. 14व्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने वाढता वेग असाच आकृतीने दाखवला होता आणि 1638 साली छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने एकसमान त्वरणाचा सिद्धान्त अशाच आकृतीवर उभा केला. आपल्या आलेखात दोन्ही रेषा सहाव्या सेकंदाला छेदतात. तोपर्यंत त्यांच्यामध्ये जो त्रिकोण तयार होतो, त्याचा पाया 6, उंची 6, क्षेत्रफळ 18. प्रवासी गाडीशी असलेलं अंतर जास्तीत जास्त एवढंच भरून काढू शकतो.

म्हणून तो 20 मीटर मागे असता तर वर्गमुळाखाली ऋण संख्या आली असती. मुलं तिथे ‘उत्तर नाही’ लिहून थांबतात. पण आलेख सांगतो की सहाव्या सेकंदाला तो दारापासून 2 मीटरवर येतो आणि तिथून पुन्हा मागे पडू लागतो.

आणि बरोबर 18 मीटर मागे असता तर? एकच उत्तर, 6 सेकंद. त्या क्षणी दोघांचा वेग सारखाच. रस्त्यावरून गाडी पळत असते, पण त्याच्या हातासमोरची दांडी क्षणभर जागच्या जागी थांबलेली असते.