घरशिक्षणाचं कपाट : आधी कोणी वाचायचं?

मुलांना शाळेत घालायचं नाही असं ठरवलेली जोडपी हल्ली पुण्या-मुंबईतच नव्हे, नाशिक-कोल्हापुरातही भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : कुठला अभ्यासक्रम घेऊ? कुणी परदेशी संच मागवलेला असतो, कुणी ॲपचे वर्षाचे पैसे भरून मोकळं झालेलं असतं. बालवाचनालयाच्या टेबलामागे बसून मी पालकांना जे सांगत आले, तेच आजही सांगते. पहिले सहा महिने मुलासाठी काही विकत घेऊ नका. आधी तुम्ही वाचा.

सुरुवात जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकापासून करावी, पण लोक करतात त्या क्रमानं नाही. घरशिक्षणावरचं पुस्तक म्हणून सगळे 'टीच युवर ओन' (१९८१) आधी उघडतात. माझा आग्रह 'हाउ चिल्ड्रन फेल'चा (१९६४). होल्ट तेव्हा पाचवीला शिकवत होता. मुलं गणित सोडवतच नाहीत, शिक्षकाचा चेहरा वाचून उत्तराचा अंदाज बांधतात, हे त्यानं वर्गात बसून टिपलं. शाळा सुटली की हेही सुटतं असं समजू नये. ओट्याशी उभा राहून सातचा पाढा म्हणणारा मुलगा आईच्या भुवईकडे बघूनच बेचाळीस की एकोणपन्नास ते ठरवत असतो. घरी शिकवायला बसलेल्या प्रत्येक आईबापानं हे पुस्तक पहिल्या महिन्यात वाचावं. पुढं होल्टनं शाळा सुधारण्याची आशा सोडली, १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं. पण त्याचं खरं बळ मुलांकडे टक लावून बघण्यात आहे. इव्हान इलिचचं 'डीस्कूलिंग सोसायटी' वादाला उत्तम, चार वर्षांचं मूल पायाशी घोटाळत असताना त्याचा उपयोग नाही. ए. एस. नीलचं 'समरहिल' एका निवासी शाळेविषयी आहे, ते सवडीनं वाचावं.

होल्टच्या परवडणाऱ्या भारतीय आवृत्त्या आपल्याला मिळाल्या त्या गोव्यातून, म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसमुळे. याच प्रेसनं राहुल अल्वारिसचं 'फ्री फ्रॉम स्कूल' काढलं. दहावीनंतर आईवडिलांनी त्याला एक वर्ष मोकळं दिलं. ते वर्ष त्यानं साप, कोळी, गांडुळं शिकण्यात घालवलं, पुण्याच्या सर्पोद्यानात आणि मद्रासच्या मगरकेंद्रात मुक्काम केला, आणि सगळं साध्या भाषेत लिहून काढलं. मुलगा हातचा जाईल या भीतीनं झोप उडालेल्या वडिलांना मी हेच पुस्तक देत असे.

आता घरच्या माणसांकडे येऊ. गिजुभाई बधेका वकिली करत होते. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारानं ते माँटेसोरी वाचू लागले आणि वकिली मागं पडली. म्हणजे मूळ निमित्त घरातलंच. त्यांचं 'दिवास्वप्न' मराठीत आहे. चौथीचा वर्ग आणि वर्षभराची मुदत मिळालेला मास्तर पहिल्या दिवशी पार फसतो, मग गोष्टी सांगायला लागतो आणि वर्ग त्याचा होतो. या गिजुभाईंकडे भावनगरला ताराबाई मोडक गेल्या. पुढं बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी जे केलं, ते घरशिक्षणवाल्यांनी मुळातून अभ्यासायला हवं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख, शिंपले, बिया, खडे घेतले. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचल्यावर परदेशी लाकडी ठोकळ्यांसाठी हजारो रुपये मोजताना हात थांबेल. लीलाताई पाटलांनी कोल्हापूरच्या सृजन आनंद शाळेतल्या अनुभवांवर लिहिलेली पुस्तकंही याच पंगतीतली. 'तोत्तोचान' सगळ्यांनी वाचलेलं असतंच.

आणि आता माझा हट्ट. मुलासमोर रोज मोठ्यानं वाचलं पाहिजे, आणि ते मराठीत. मूल स्वतः वाचायला लागल्यावरही. घरशिक्षणाच्या बैठकांमध्ये काही मंडळी ठामपणे सांगतात, की मराठीत मुलांसाठी पुस्तकंच नाहीत, त्यामुळं घरची भाषा इंग्रजी करावी. या मंडळींनी कपाट उघडून पाहिलेलं नसतं. विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' १९६१ चं, 'एटू लोकांचा देश' १९६३ चं. तीन वर्षांच्या मुलाला अर्थ न सांगता नुसतं ऐकवा. ठेका आधी अंगात जातो, अर्थ मागाहून येतो. माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' आणि यशच्या गोष्टी त्याच वयाच्या. त्यात घरातली माणसं खरी आहेत, ती उपदेश करत नाहीत, आणि प्रत्येक चित्रात बोलण्यासारखं काहीतरी सापडतं. मूल मोठं झालं की त्यांचेच 'वाचू आनंदे'चे भाग. निवडक मराठी साहित्य, सोबत चित्रकलेचे नमुने आणि भाषेचे खेळ. जोडीला 'लिहावे नेटके'. एवढ्या दोन संचांवर भाषेची कितीतरी वर्षं निघतील, वेगळं पाठ्यपुस्तक लागायचं नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवत. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पुण्यात सायकल हाणतो तेव्हा शेजारी पुण्याचा नकाशा उलगडून ठेवावा, भूगोल आपोआप होतो. थोड्या मोठ्या मुलांबरोबर दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६). चैत्रात चैत्राचा लेख, श्रावणात श्रावणाचा. आधी बाहेर जाऊन झाड बघायचं आणि मग दुर्गाबाईंनी काय बघितलं ते वाचायचं. मुलांना ते जड जातं ही तक्रार मला मान्य नाही. त्यांना सगळं कळावं असं नाहीच. एका मोठ्या बाईनं शेवरीकडे, काजव्यांकडे इतकं लक्ष दिलं, हे त्यांच्या कानावर पडू दे.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, मुलाच्या हातात काही देऊच नका, त्याला हवं ते ते शोधेल. पण ज्या घरात पुस्तकच नाही, तिथं मुलानं पुस्तक शोधायचं कुठं? निवड मुलानं करावी, कपाट आपण भरावं.

एके काळी हे कपाट भरणं सोपं होतं. सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं गावोगाव लागत. जाड कागद, सुरेख चित्रं, अनिल हवालदारांसारख्यांचं मराठी, आणि किंमत खाऊच्या पैशांत बसणारी. सोव्हिएत संघ गेला आणि तो ओघ आटला. आता वाचनालयांचे बालविभाग एकामागून एक बंद होताहेत. जिथं मुलं जमिनीवर पालथी पडून वाचायची, तिथं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेची टेबलं आली. शाळेतली मुलं निदान शाळेच्या ग्रंथालयात जाऊ शकतात. घरी शिकणाऱ्यांना हा बालविभागच आधार होता. मला याचा फार त्रास होतो आणि मी तो लपवत नाही.

एक गोष्ट मात्र वाचली आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. मराठीतले नामवंत लेखक आणि चित्रकार त्यात सापडतील.

विज्ञानासाठी अरविंद गुप्ता. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन होशंगाबादला त्यांनी सांगाडे जोडले, पुढं पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत कचऱ्यातून खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. वाचून झालं की त्याच दिवशी करायला बसायचं. गणिताला मंगला नारळीकरांच्या 'गणितगप्पा' पुरेत. परीक्षांची काळजी आत्ता नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदाव्या वर्षानंतर देता येते. राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असेल तर त्याच्या अटी मात्र वेळीच वाचून ठेवा.

राहता राहिले आजी-आजोबा. खरा विरोध तिथूनच होतो, आणि तो मायेपोटी असतो. त्यांच्याशी होल्टवरून वाद घालू नका. दुपारची वाचनाची वेळ त्यांच्याकडे सोपवा आणि पहिल्या आठवड्यात फास्टर फेणे हातात द्या. पुण्यात वाढलेल्या आजोबांना मध्येच थांबून पेठा, गल्ल्या, जुने वाडे सांगायचे असतात. त्यांना थांबू द्यावं.