जुना टॅब नेटला का लागत नाही?

घरातली यंत्रे : लेखांक ९

आठ-दहा वर्षांपूर्वीचा टॅब कपाटातून बाहेर काढावा, चार्ज करावा आणि त्यावर नेट चालू नये, की घरात निकाल लागतो: ‘याचं वाय-फाय गेलं.’ हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. वाय-फायची चिप खरोखर निकामी झाली असेल, तर सेटिंगमधले वाय-फायचे बटणच चालू होत नाही, किंवा शेजारपाजारचे एकही नेटवर्क यादीत येत नाही. यादीत चार नावे दिसत असतील तर रेडिओ जिवंत आहे. मग बिघडले काय? टॅब होता तसाच राहिला आणि त्याच्याशी बोलणाऱ्या राउटरचे व संकेतस्थळांचे नियम बदलले, हे बहुसंख्य तक्रारींमागचे कारण असते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी: आपले नेटवर्क दिसतच नाही, दिसते पण जोडले जात नाही, की जोडले जाऊनही काही उघडत नाही? या तीन तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही.

पहिल्या दोन तक्रारींचे उत्तर राउटरमध्ये सापडते. गुगलसाठी आसूसने बनवलेला २०१२ चा नेक्सस ७ घ्या. त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झ चालू असेल, तर अगदी शेजारी ठेवला तरी या टॅबला तो दिसणार नाही. २.४ चालू असूनही नाव येत नसेल तर चॅनेल पाहावे. भारतात राउटर १२ किंवा १३ वे चॅनेल निवडू शकतो, पण अमेरिकी बाजारासाठी बनलेली उपकरणे सहसा ११ पर्यंतच ऐकतात. १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून दिले की प्रश्न मिटतो. नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, अशा वेळी संशय सुरक्षेच्या पद्धतीवर घ्यावा. डब्ल्यूपीए-३ ही पद्धत २०१८ साली आली आणि जुलै २०२० पासून वाय-फाय प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या टॅबला ती बहुधा येत नाही. राउटर केवळ तिच्यावर ठेवलेला असेल, तर त्याला डब्ल्यूपीए-२ ही चालू द्यावे लागते.

तिसरी तक्रार सर्वांत फसवी. ‘कनेक्टेड’ असे लिहून येते, पण पाने उघडत नाहीत. इथे एक सोपी चाचणी आहे. टॅबच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो. लॉगिनची चौकट उघडली, तर टॅब ते राउटर हा टप्पा ठीक आहे. दोष पुढे आहे. मग तारीख पाहावी. बॅटरी पूर्ण उतरलेला टॅब कधीकधी जानेवारी १९७० मध्ये जागा होतो. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि १९७० च्या हिशेबाने ती सुरूच झालेली नसते, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक सुरक्षित पान अडवतो. तारीख बरोबर असूनही काही स्थळे उघडतात आणि काही नाहीत, असे झाले तर तोच मोठा पुरावा. सिग्नल खराब असता तर त्याने असा भेदभाव केला नसता. असंख्य स्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्यांकडे नवे मूळ प्रमाणपत्र नव्हते. त्यांच्यासाठी केलेली खास सोयही सप्टेंबर २०२४ अखेर संपली. नेक्सस ७ ची शेवटची अधिकृत आवृत्ती ५.१.१. फायरफॉक्स मात्र विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःसोबत बाळगतो, म्हणून त्यात तेच पान उघडू शकते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: एवढी चिकित्सा कशाला, फॅक्टरी रीसेट मारला की झाले. नव्या यंत्रावर हा सल्ला खपून जातो, जुन्यावर तो अंगलट येऊ शकतो. रीसेटने अँड्रॉइडची आवृत्ती वाढत नाही आणि नवी प्रमाणपत्रेही येत नाहीत. उलट चालू असलेली जुनी ॲप जातात आणि ती प्ले स्टोअरवर या आवृत्तीसाठी पुन्हा मिळतीलच असे नाही. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या उपकरणांवर तर सप्टेंबर २०२१ पासून गुगल खात्यात नव्याने लॉगिनच करता येत नाही. जतन केलेले नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडणे, राउटर बंद-चालू करणे आणि फोनच्या २.४ गिगाहर्ट्झ हॉटस्पॉटवर टॅब लावून पाहणे, एवढे आधी करावे. हॉटस्पॉटवर सगळे सुरळीत चालले तर टॅब निर्दोष आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका म्हाताऱ्या टॅबसाठी घरभराची सुरक्षा का सैल करावी? ती करू नयेच. मुख्य नेटवर्क आहे तसे ठेवून राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू करावे, त्याला २.४ चा पट्टा आणि डब्ल्यूपीए-२ द्यावे आणि टॅब तिथे बसवावा. सुरक्षा-अपडेट थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा मुख्य ईमेल उघडू नये, ही मर्यादाही पाळावी. रेडिओ ऐकणे, पाककृती पाहणे, पुस्तके वाचणे यासाठी असा टॅब आणखी काही वर्षे कामाला येतो. आणि एवढे करूनही हवे ते ॲपच त्या आवृत्तीवर चालत नसेल, तर नवा घ्यावा. पण तो वाय-फाय गेले म्हणून नव्हे, तर सॉफ्टवेअरची मुदत संपली म्हणून. हा फरक कळला की दुकानदाराला प्रश्नही नेमका विचारता येतो: याला अपडेट किती वर्षे मिळतील?

(पुढील लेखांक : बॅटरी फुगते म्हणजे काय होते?)