डोंगराआडून बोलताना

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या एस.टी.ने तुम्ही कधी प्रवास केला आहे का? केला असेल तर एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. नीरा-देवघर धरणाचे पाणी दिसू लागले की गाडीतली फोनवर बोलणारी मंडळी एकामागून एक 'हॅलो, हॅलो' करू लागतात आणि आणखी दोन-चार वळणांनंतर सारे फोन खिशात जातात.

अशाच एका खोऱ्यातले एक शेतकरी माझ्या परिचयाचे आहेत. भाताचे पीक पावसाने गेलेले, कर्जाचा हप्ता थकलेला आणि मुलगा बारावीला. रात्र-रात्र झोप येईना, घरात शब्दाला शब्द लागे. कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी फोनवरून समुपदेशन घ्यायचे ठरवले. टेकाडावर चढून चित्रासह फोन लावला आणि धीर करून सगळे सांगितले. पलीकडून उत्तरच येईना. चार-पाच सेकंद गेले. बाईंना आपले बोलणे रुचले नाही असे समजून त्यांनी फोन बंद केला. पुढे दोन महिने त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

त्यांनी मला हे सांगितले तेव्हा माझ्यातला भौतिकशास्त्राचा मास्तर जागा झाला. बाई बहुधा बोलत होत्या. त्यांचे शब्द वाटेत अडकले होते. ते का अडकावेत, हे आता पाहू.

दाराआडून कोणी हाक मारली तर ती आपल्याला ऐकू येते, पण हाक मारणारा दिसत नाही. कारण लहर अडथळ्याला वळसा घालते की नाही, हे तिच्या तरंगलांबीवर ठरते. आवाजाची तरंगलांबी मीटरच्या घरात, तर प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर लावली जाई. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागून पाहा. सुमारे ३७९ मीटर तरंगलांबी येते. एवढी लांब लहर डोंगराच्या कडेवरून खोऱ्यात उतरू शकते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र ३३ सेंटिमीटरच. तिच्यापुढे १४०३ मीटर उंचीचा तोरणा म्हणजे भिंतच. तिच्यामागे सावली पडते. वेल्हे तालुक्यात (त्याला आता राजगड हे नाव दिले आहे) अशा सावल्या पुष्कळ आहेत.

सावलीच्या कडेवर उभे राहिले की थोडीफार रेंज मिळते. खरी अडचण तिथेच येते. फोन आपला आवाज सलग पाठवीत नाही. एका सेकंदाच्या बोलण्याचे सुमारे ५० तुकडे करून ते आकड्यांच्या रूपात धाडतो. तुकडे उशिरा आले किंवा हरवले तर पलीकडचा फोन त्यांची वाट पाहतो. समुपदेशक पुण्यात बसली आहे असे धरू. भोर-पुणे अंतर साधारण ५० किलोमीटर. रेडिओलहरीला ते कापायला सेकंदाचा सहा हजारावा भागही पुरतो. तेव्हा हा उशीर अंतरामुळे होत नाही, तो या वाट पाहण्यामुळे होतो.

थोड्या उशिराने एवढे काय बिघडते? बरेच बिघडते. २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांची मोजणी प्रसिद्ध झाली. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे एक-पंचमांश सेकंद जातो, असे तीत आढळले. एवढ्याशा अंतराची आपल्या कानाला सवय असते. ते वाढले की 'याला पटले नाही' असा अर्थ मन आपोआप लावते. समुपदेशनात तर शांततेला आणखी महत्त्व. चांगला समुपदेशक मुद्दाम गप्प राहतो, समोरच्याला शब्द सापडू देतो. ही शांतता आणि नेटवर्कची शांतता ऐकणाऱ्याने वेगळी कशी ओळखावी?

दूरध्वनीच्या अभियंत्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. तुम्ही गप्प बसलात की बॅटरी वाचवण्यासाठी तुमचा फोन जवळजवळ काहीच पाठवीत नाही. पण अगदी निःशब्द झाले तर ऐकणाऱ्याला फोन तुटल्यासारखे वाटते. म्हणून त्याचा फोन स्वतःच एक बारीक खरखर तयार करून कानाशी वाजवतो! तुम्ही ऐकता ती शांतता पुष्कळदा अशी बनवलेली असते. एखादा हलका हुंदकाही या गाळणीत हरवू शकतो.

यावर साधा उपाय म्हणजे चित्र बंद ठेवणे. मोबाइलवरचे बोलणे दाबून बसवले तर सेकंदाला सुमारे १२ हजार बिटांत मावते. हलत्या चित्राला काही लाख बिट लागतात. आणि जुना दूरध्वनी तर फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेई. वडिलांच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा १०० ते १५० हर्ट्झचा, म्हणजे तो या पट्ट्यात येतच नाही. तरी आपण त्यांना पहिल्या शब्दाला ओळखतो, कारण वरच्या सुरांवरून मूळ सूर आपला मेंदूच जुळवून घेतो.

पण नुसत्या आवाजावर उपचार होतो का? अमेरिकेत शिकागो परिसरात ३२५ नैराश्यग्रस्तांवर झालेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फोनवर, निम्म्यांना समोर बसवून तीच उपचारपद्धती दिली. समोर बसणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ३३ जणांनी उपचार मध्येच सोडले, फोनवाल्यांपैकी २१ जणांनी. उपचार संपले तेव्हा सुधारणा जवळजवळ सारखीच होती. सहा महिन्यांनंतर मात्र समोर बसलेल्यांची प्रकृती थोडी अधिक बरी आढळली. ज्याला तालुक्याच्या गावी जायला अर्धा दिवस आणि एक दिवसाची मजुरी घालवावी लागते, त्याने हा हिशेब आपल्यापुरता मांडून पाहावा.

आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली. नंबर १४४१६. फोन फुकट, रात्रंदिवस केव्हाही करता येतो आणि मराठीत बोलता येते. साध्या बटणांच्या फोनवरूनही तो लागतो. घरातले कोणी 'जगून काय उपयोग' असे बोलू लागले, तर त्यांना एकटे सोडू नका. लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलवा, डॉक्टरांना कळवा.

एक अडचण मात्र भौतिकशास्त्राने सुटत नाही. गावात रेंज कुठे असते? देवळाच्या पारावर, नाहीतर एस.टी.च्या थांब्यावर, म्हणजे चार माणसे ऐकतील अशा ठिकाणी. कानात इअरफोन घातला तर पलीकडचे बोलणे लपते, आपले लपत नाही. अशा वेळी सुरुवातीलाच 'इथे माणसे आहेत, मी हो-नाही एवढेच सांगेन' असे म्हणावे. आणि 'आवाज तुटला तर मीच पुन्हा फोन करीन' हेही.

माझ्या परिचयाच्या त्या गृहस्थांनी पुढे चित्र बंद ठेवून पुन्हा फोन केला. बाईंनी आधी विचारले, "मी गप्प झाले तर दहा सेकंद थांबाल ना?" ते थांबले. त्या दिवशी बोलणे चाळीस मिनिटे चालले.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या रविवारी एक काम करा. आपल्या गावाचा नकाशा काढा. फोन हातात घेऊन हिंडा आणि जिथे रेंज येते ती ठिकाणे निळ्या पेन्सिलीने रंगवा. जिथले बोलणे कोणाला ऐकू जाणार नाही ती तांबड्याने. सकाळी, संध्याकाळी आणि पाऊस पडत असताना, असे तीन वेळा हिंडा. दोन्ही रंग जिथे एकावर एक येतील ती जागा घरात सांगून ठेवा.