हिरड्यांतून रक्त आलं की ब्रश थांबवायचा का?

मंडळी, आमच्याकडे येणारे पुष्कळ जण सांगतात, "डॉक्टर, ब्रश केला की रक्त येतं, म्हणून हल्ली नुसती चूळ भरतो." आज आपण एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ. हे रक्त बहुतेक वेळा ब्रशमुळे येत नाही, तर ब्रश तिथे पोचत नाही म्हणून येतं.

दातांवर रोज एक चिकट थर जमतो. त्याला प्लाक म्हणतात. हा जंतूंचा थर चूळ भरून जात नाही, घासूनच काढावा लागतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तो राहिला, की हिरडी लाल होते, सुजते आणि जरासा धक्का लागला तरी रक्त येतं.

हे तपासून पाहिलेलं आहे. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १९६५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावर आजार परतवणं आपल्याच हातात असतं.

पुढचा टप्पा मात्र तसा नाही. साचलेला थर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. मग तो ब्रशने निघत नाही, दवाखान्यातच काढावा लागतो. तसाच राहिला, तर सूज खोल जाते आणि दाताभोवतीचं हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळं बहुधा न दुखता होतं! "दात साफ केले की हलतात" असं लोक म्हणतात. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं, कडक थर निघाल्यावर ते जाणवतं एवढंच. मधुमेह असेल तर जास्त जपावं, कारण हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना बिघडवतात.

आता मिश्रीबद्दल. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दातांचं औषध नव्हे. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं रक्त उलट कमी येतं, त्यामुळे आजार झाकला जातो.

मग करायचं काय? मऊ ब्रश घ्या. तो हिरडीच्या कडेला तिरका धरा आणि हलक्या हाताने, लहान-लहान हालचालींनी फिरवा. फ्लोराइडची पेस्ट वापरा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा. रात्रीचं घासणं चुकवू नका. दातांच्या फटींत दोरा किंवा बारीक ब्रश फिरवा. सुरुवातीला थोडं रक्त येईल, घाबरून थांबू नका. दोन आठवड्यांत ते थांबलं नाही, तर दंतवैद्याला दाखवा. दुखायची वाट पाहू नका.