गिऱ्हाईक शोधते, आपण सापडतो का?



नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यातून त्यांनी नवे वाण काढले. त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडले.

आज पुण्याच्या गृहिणीने मोबाईलवर गूगलला नुसते ‘एचएमटी’ विचारले, तर घड्याळे दिसतात. ‘एचएमटी तांदूळ’ विचारले, तर तांदूळ दिसतो. पण बहुधा व्यापाऱ्याचा. गूगल इंटरनेटवर लिहिलेलेच वाचून ठेवते. आपण लिहिलेच नाही, तर ते दाखवणार काय?

तेव्हा आरमोरी भागातील ज्या बचत गटाचे विक्रीचे दुकान आहे, त्याने गूगलवर दुकानाची नोंद करावी. ती फुकट होते. वाण, गाव, फोन व दुकानाची वेळ गिऱ्हाईक विचारते त्याच शब्दांत लिहा. खरे फोटो लावा.

‘प्रायोजित’ लिहिलेली नावे जाहिरातीची असतात. तसे न लिहिलेल्या नावांची जागा गूगल विकत नाही. ‘पहिला नंबर हमखास देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा.

आज रात्री मुलांना जवळ घेऊन बसा आणि आपल्या वाणाचे व गावाचे नाव शोधून पाहा.