मिरची बाजारातला स्पॅनिश भविष्यकाळ

सरावाला क्रियापदे घ्यायची ती रोजच्या वापरातली. कोम्प्रार म्हणजे विकत घेणे, बेंदेर म्हणजे विकणे, सुबिर म्हणजे चढणे. पहिली दोन नंदुरबारच्या मिरची बाजारासाठी, तिसरे तोरणमाळच्या वाटेसाठी. आर, एर, इर हे स्पॅनिश क्रियापदांचे तिन्ही गट यांत आले.

वर्तमानकाळात हे शेवटचे आर, एर, इर कापून गटागटाने वेगळे प्रत्यय लावावे लागतात. भविष्यकाळात काही कापायचे नाही. अख्ख्या शब्दाला एकवचनात ए, आस, आ आणि अनेकवचनात एमोस, एइस, आन जोडायचे. कोम्प्रारे, मी घेईन. बेंदेरास, तू विकशील. सुबिरान, ते चढतील. तिन्ही गटांना तेच सहा प्रत्यय. आपण मराठीत मात्र जुन्या वळणाने मिरची ‘विकीन’ म्हणतो आणि घरी ‘बसेन’, सकर्मक-अकर्मक पाहतो. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग गुजरातेत आहे. तिथे कानावर पडणारे गुजराती ‘वेचीश’, ‘वेचशे’ हेही भविष्यकाळच.

प्रत्यय अख्ख्या शब्दाला का लागतात? स्पॅनिशच्या मुळाशी असलेल्या लॅटिनचा जुना भविष्यकाळ मागे पडला आणि ‘मला विकायचे आहे’ अशा धाटणीची जोडरचना रूढ झाली. त्यातले साहाय्यक क्रियापद आक्रसून मूळ शब्दाला चिकटले. आंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२च्या आपल्या व्याकरणात ही जोडणी ओळखली होती.

घाम फुटतो तो उच्चारात. कोम्प्रारा म्हणताना शेवटच्या ‘रा’वर जोर दिला तर ‘तो घेईल’. तोच जोर ‘प्रा’वर पडला तर ‘त्याने घेतले असते तर’ या अर्थाचे रूप होते. मराठी जिभेला अशी सवय नाही. मोठ्याने म्हटल्याशिवाय ती लागत नाही. एमोस सोडून पाचही प्रत्ययांवर आघातचिन्ह असते, ते उगाच नव्हे.

तर्क करायलाही हाच काळ चालतो. ‘एस्तारा एन कासा’ म्हणजे ‘तो घरी असेल’. पुस्तकांत याचा वेगळा धडा असतो. आपल्याला तो शिकवावा लागत नाही.

सेर (असणे) आणि इर (जाणे) वर्तमानकाळात छळतात, पण इथे सरळ चालतात: सेरे, इरे. वाकडी चालणारी, तेनेर, आसेर यांसारखी, डझनभर मूळ क्रियापदे तेवढी पाठ करावी लागतात. म्हणून स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाने वर्तमानकाळाच्या तक्त्यांत अडकण्याआधी भविष्यकाळच हाती घ्यावा.